नेम चुकतो तो खेळाडूचा की खेळाचा?

प्रश्न : वरून दिसणारा छोटा शूटर गेम बनवतो आहे. कंट्रोलरच्या डाव्या स्टिकने (अंगठ्याने ढकलायच्या छोट्या दांडीने) चालायचं, उजवीने नेम धरायचा, ए बटणाने गोळी, बी बटणाने डॅश, म्हणजे क्षणभराची झटपट झेप. माउसवर खेळणारे खूश आहेत. कंट्रोलरवाले मात्र ‘नेम अडकतो’ म्हणून पाच मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवतात. शत्रू सोपे केले तरी तक्रार तीच. काय बदलू?

उत्तर : आधी शत्रू पूर्वीसारखे करा, त्यांचा यात काही दोष नाही. उजव्या अंगठ्याला तुम्ही तीन कामं दिली आहेत. ए दाबायला तो स्टिकवरून उचलावा लागतो, म्हणजे गोळी सुटते नेमक्या त्याच क्षणी नेम हातातून गेलेला असतो. गोळी उजव्या ट्रिगरवर (कंट्रोलरच्या वरच्या कडेला तर्जनीखाली येणाऱ्या कळीवर) घ्या, डॅश डाव्या ट्रिगरवर. किंवा उजवी स्टिक ढकलली की गोळीबार आपोआप सुरू होऊ द्या. १९८२च्या ‘रोबोट्रॉन : २०८४’ या आर्केड गेममध्ये हेच होतं : दोन जॉयस्टिक, एक चालायला आणि एक गोळ्या झाडायला. फायरचं वेगळं बटण नव्हतंच. तुमच्याकडे गोळ्या मोजक्या असतील तर मात्र ट्रिगरच बरा, नाहीतर नुसता नेम धरतानाच त्या संपतील.

आता ‘अडकतो’बद्दल. हात काढला तरी स्टिक अगदी शून्यावर बसत नाही, म्हणून मधला थोडा भाग दुर्लक्षित करतात. हा डेड झोन. एक्सइनपुटच्या (विंडोजमध्ये कंट्रोलर वाचायच्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेच्या) शिफारशीनुसार तो, स्टिक पूर्ण ढकलल्यावर येणाऱ्या ३२७६७ पैकी, डावीला ७८४९ आणि उजवीला ८६८९, म्हणजे साधारण २४ आणि २७ टक्के. आकडा ठीक आहे, घोळ होतो तो लावण्याच्या पद्धतीत. पूर्ण ढकललेली स्टिक म्हणजे १ धरून एक्स (आडवा आकडा) आणि वाय (उभा आकडा) वेगवेगळे तपासून ०.२५च्या आतलं शून्य केलं, की पूर्ण ढकललेली स्टिकही उजवीकडच्या सरळ रेषेच्या वर-खाली सुमारे १४ अंशांपर्यंत त्याच रेषेला चिकटते. चारही दिशांना असंच होतं. म्हणजे वर्तुळाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग नेमासाठी बादच! शत्रू किंचित तिरका असला की खेळाडू नेम बोटभरही हलवू शकत नाही, आणि चिडतो.

उपाय असा : एक्स आणि वाय या दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. ही लांबी ०.२५पेक्षा कमी असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर दिशा जशीच्या तशी ठेवा आणि चालण्याच्या वेगासाठी (लांबी − ०.२५) ÷ ०.७५ वापरा, उत्तर १च्या वर गेलं तर १ धरा. नेमासाठी मर्यादा ०.४पर्यंत वाढवली तरी चालेल. स्टिक तिच्या आत आली की शेवटची दिशा धरून ठेवा. हे केलं नाही तर स्टिक सोडल्यावर स्प्रिंगच्या झटक्याने ती क्षणभर पलीकडे जाते आणि पात्र उगाच मागे वळतं.

एवढं झाल्यावरही नेम जड वाटला, तरच मदत द्या : शत्रू ३ ते ५ अंशांच्या आत असेल तर गोळीची दिशा त्याच्याकडे वळवा. नेमाची खूण मात्र हलवू नका, ती आपोआप सरकलेली खेळाडूला लगेच कळते. माउसला ही मदत बंद.

प्रश्न : माउसने नेम धरूनही गोळी कर्सरच्या बाजूने जाते. शत्रू अंगाला भिडला तर लागतच नाही.

उत्तर : तुम्ही कोन पात्राच्या मध्यापासून काढता आणि गोळी सोडता बंदुकीच्या नळीच्या टोकातून. नळी मध्यापासून १२ पिक्सेल बाजूला असेल तर गोळीही कर्सरपासून १२ पिक्सेल बाजूने जाणार. कोन नळीपासून काढा. पण कर्सर नळीच्याही आत आला की बंदूक गरागरा फिरू लागते. तेव्हा कर्सर बंदुकीच्या दीडपट लांबीच्या आत असताना जुनाच कोन वापरा. भिडलेल्या शत्रूच्या बाबतीत गोळी त्याच्या पलीकडेच जन्माला येते. गोळी सोडण्याआधी मध्यापासून नळीपर्यंत एक रेषा तपासा, वाटेत कुणी सापडला तर तिथेच मार धरा. भिंतीपलीकडे गोळी जाणंही यानेच थांबतं.

प्रश्न : की-बोर्डवर डॅश कधी होतो, कधी होत नाही. गेम युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.

उत्तर : बटण फिक्स्डअपडेटमध्ये (ठरावीक अंतराने चालणाऱ्या कोडमध्ये) वाचत असाल तर दोष तिथेच बघा. ते मुळात सेकंदाला ५० वेळा चालतं आणि दाबल्याची एका फ्रेमची नोंद त्यात निसटते. दर फ्रेमला चालणाऱ्या अपडेटमध्ये वाचा आणि ती नोंद १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाला ६ फ्रेम, जपून ठेवा. मग आधीचा डॅश संपण्याआधी जरा लवकर दाबलेलंही वाया जात नाही. फक्त तिरकं पळतानाच अडत असेल तर कोड सोडा : कित्येक साध्या की-बोर्डना काही तीन कळा एकदम कळत नाहीत. डॅश माउसच्या उजव्या बटणावर द्या आणि कळा बदलायची सोय सेटिंगमध्ये ठेवा.