ट्रॅफिकमध्ये जुनी गाडी तापते, मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट गेलंय. इंजिन खोलू द्यावं का?

नका खोलू देऊ. निदान मी खाली सांगतोय ते बघितल्याशिवाय तरी नाही.

तुमची 2004ची मारुती 800, हायवेला तापमानाचा काटा जागेवर, सिग्नलला पाच-दहा मिनिटं थांबलं की वर चढतो, आणि मेकॅनिकनं बॉनेट उघडून नुसतं बघून 'गॅस्केट' म्हटलं, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं सील. हाच शब्द ऐकून मी 7800 रुपये घालवून बसलोय, म्हणून लिहायला घेतलं.

माझी 800 कार्बोरेटरवाली, 1996ची. मे महिना, सोलापूर नेहमीसारखं भट्टी झालेलं, आणि आम्ही तुळजापूरला निघालो. आई, ताई, दाजी, भाचा आणि मी. पंचेचाळीसेक किलोमीटर काटा हलला नाही, घाटसुद्धा बरा चढली. पण मंगळवार होता. वर गावात गाड्यांची ही रांग. पहिल्या गिअरमध्ये ढकलत ढकलत दहा मिनिटं गेली आणि काटा लाल पट्ट्यात. बाजूला घेतली तर बॉनेटमधून वाफ. आई म्हणाली, "तुम्ही बघा गाडीचं, मी देवीला जाऊन येते," आणि भाच्याला घेऊन चालत गेलीसुद्धा.

मी म्हटलं, दाजी, पंखा फिरत नाहीये, आवाजच नाही. दाजी म्हणाले, "तुला काय कळतंय बे गाडीतलं? इंजिन बसलंय." आणि ओला नॅपकिन टाकून त्यांनी रेडिएटरचं झाकण फिरवलं. मी नको नको म्हणेपर्यंत उकळतं पाणी मनगटावर. एवढं होऊनही वर बाटलीतलं गार पाणी ओतलं. तापलेल्या हेडवर गार पाणी ओतायचं नसतं, अ‍ॅल्युमिनियम वाकतं, हे कोणीही सांगेल. पण ताईच्या सासरच्या माणसाला कोण सांगणार?

सोलापुरात आल्यावर गाडी त्यांच्या ओळखीच्या गॅरेजला. हेड खोललं, फेसिंग केलं म्हणजे त्याचा तळ घासून सपाट केला, नवं गॅस्केट टाकलं, आणि जाताजाता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून फेकून दिला. "सोलापुरात कशाला लागतोय ओ थर्मोस्टॅट?" पंधरा दिवसांनी सात रस्त्याच्या गर्दीत गाडी परत तशीच तापली.

मग एका साध्या वायरिंगवाल्यानं पाच मिनिटांत दाखवलं. पाणी तापलं की पंखा चालू करणाऱ्या थर्मोस्विचची वायर काढली, दोन्ही टोकं एकमेकांना जोडली, पंखा भर्रकन फिरला. म्हणजे मोटर चांगली, फ्यूज चांगला, स्विच मेलेला. 250 रुपये. दाजी आजही म्हणतात, "हेड केलं म्हणून वाचली गाडी." तो जुना स्विच मी टाकलेला नाही, डिकीत ठेवलाय.

आता तुमचं. पळताना समोरून वारा लागतो, म्हणून पंखा मेला तरी काही वाटत नाही. उभं राहिलं की वारा बंद, सगळा भार पंख्यावर. तुमचं लक्षण तेच. उलट असतं, म्हणजे गावात ठीक आणि हायवेला 80च्या पुढे तापते, तर मी रेडिएटर चोक किंवा वॉटर पंप म्हटलं असतं.

गॅस्केटची शंका असेलच तर सकाळी गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून स्टार्ट करा. पाण्यात सतत बुडबुडे येतात का? ऑइल टाकायच्या झाकणाखाली सायीसारखं पांढरट काही आहे का? कुठे गळत नसताना पाणी कमी होतंय, मागून पांढरा धूर येतोय? यातलं काहीच नसेल तर हेडला हात लावू देऊ नका. एवढं केल्यावर मेकॅनिकला वाईट वाटलं तर वाटू दे.

रेडिएटरच्या झाकणाचं रबरही बघा. ती कुकरची रिंगच समजा. झाकणावर 0.9 लिहिलेलं असतं, तेवढा दाब धरला तर पाणी 118 अंशांच्या आसपास उकळतं. रबर गेलं की शंभरलाच उकळून जादा पाण्याच्या बाटलीत फेकतं.

आणि थर्मोस्टॅट काढायचा नाही. तो 82 अंशांच्या सुमारास उघडतो, तोवर इंजिन लवकर गरम करतो. काढला की हायवेला इंजिन गारच राहतं, ॲव्हरेज पडतं, ऑइल खराब होतं. अडकला असेल तर नवा टाका. गरम पाण्यात बुडवला की उघडताना दिसतो, एवढी साधी परीक्षा आहे.

एक कबुली द्यायला हवी. माझा रेडिएटरही धड नव्हता. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, ते गाडीत कोण घालणार? मी वर्षानुवर्षं बोअरचं खारं पाणी घातलं, आत क्षाराचा थर बसला, शेवटी रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळई घालून सफाई, करून घ्यावं लागलं. हे दाजींना सांगितलेलं नाही. तुम्ही कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला.

हो, वायर जोडायची युक्ती माझ्या कार्बोरेटरवाल्या गाडीची. तुमची 2004ची, म्हणजे एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल इंजेक्शन), तिचा पंखा रिले नावाच्या विजेच्या स्विचवरून फिरतो आणि त्याला हुकूम कॉम्प्युटर देतो. तिथे सेन्सरची टोकं जोडत बसू नका. आधी पंख्याचा फ्यूज आणि रिले बदलून बघा. एसीची गाडी असेल तर एसीचा पंखा वेगळा असतो, तो फिरतोय म्हणून रेडिएटरचाही फिरतोय असं धरू नका. वाटेत तापलीच तर हीटर फुल सोडा, काचा उघडा आणि बाजूला घेऊन बंद करा. झाकणाला अर्धा तास हात नको. दाजींच्या मनगटावर डाग अजून आहे, विचारलं तर कुकरचा म्हणतात.