कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये पार्वो निघाला, तर आधीच दत्तक गेलेल्या पिल्लांच्या घरी कळवावं का?

हो, आजच कळवा. पार्वो म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा, उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग. आणि ग्रुपवर मेसेज टाकून मोकळे होऊ नका, फोन करा. तुम्ही लिहिलंय की एक पिल्लू दगावलं, बाकीची ठणठणीत आहेत, उगाच बोभाटा झाला तर पुढे कुणी दत्तक घेणार नाही. हाच हिशोब आम्हीही केला होता.

मी जळगावच्या एका छोट्या शेल्टरला रविवारी मदतीला जायचो. नव्या घरी पिल्लू रात्री रडू नये म्हणून त्याच्या अंथरुणातला गोणपाटाचा तुकडा सोबत द्यायचो. अमळनेरच्या एका मावशींनाही दिला. चार दिवसांनी आमच्याकडे पार्वो निघाला, आणि आम्ही "बघू, कळेलच" म्हणत गप्प. मावशींचा फोन आला तोवर पिल्लू दोन दिवस ओकत होतं. ऊन बाधलं समजून त्या दही-भात भरवत होत्या. "भाऊ, एक फोन केला असता तर मी त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं," एवढंच म्हणाल्या. पिल्लू वाचलं नाही.

लक्षणं दिसायला साधारण 3 ते 7 दिवस लागतात, कधी 14 सुद्धा. विषाणू मात्र त्याच्या आधीपासूनच शीतून पडत असतो, त्यामुळे "ठणठणीत" या शब्दाला अर्थ नाही. पहिलं पिल्लू आजारी पडलं त्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत आणि त्यानंतर जी दत्तक गेली, त्या सगळ्यांच्या घरी फोन लावा.

फोनवर पहिलं वाक्य हे, की माणसाला हा रोग होत नाही. घरात लहान मूल असेल तर त्याशिवाय पुढचं कुणी ऐकत नाही. मग सांगा: खाणं सोडलं, ओकलं, मलूल झालं, तर रक्ताच्या जुलाबाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर. विषाणू मारणारं हमखास औषध नाही, सलाईनवर तगवून धरावं लागतं, म्हणून वेळ मोलाचा. दवाखान्यात आधी कळवून जा, बाकीच्या पिल्लांत बसू नका. लसीचा एक डोस झाला म्हणून निर्धास्त राहू नये. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लस लागू देत नाही, म्हणून 16 आठवड्यांपर्यंत डोस पुन्हा द्यावे लागतात.

आपल्याकडे लोक म्हणतात, मे महिन्यात 45 डिग्रीत कुठला जंतू टिकतोय! डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या रोगाचा टिकत नाही, पार्वोचा महिनोन्‌महिने टिकतो. फिनेललाही तो दाद देत नाही. आधी घाण धुवा, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात घालून फरशी दहा मिनिटं ओली ठेवा.

शेवटचा रुग्ण आढळल्यापासून निदान दोन आठवडे एकही पिल्लू देऊ नका.

आणि रजिस्टर नीट ठेवा. आमच्याकडे दोन नंबर चुकीचे निघाले, एकासाठी गाडी काढून पाचोऱ्याला जावं लागलं. पिल्लू दारातच उड्या मारत होतं. गोणपाट तेवढं मागून घेतलं आणि गावाबाहेर जाळलं.