सही नसलेल्या चित्राचा चित्रकार कसा शोधतात?

प्रश्न : स्कॉटलंडच्या स्कोन पॅलेसमधलं डिडो बेल आणि एलिझाबेथ मरे या दोन तरुणींचं अठराव्या शतकातलं चित्र चित्रकार झोफनीचं, असं वाचलं होतं. आता ते डेव्हिड मार्टिन या चित्रकाराचं म्हणतात. हा मार्टिन कुठून आला?

उत्तर : झोफनीचं नाव या चित्राला मागाहून चिकटलं. २०१८ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमासाठी तपास झाला आणि मार्टिनचं नाव पुढं आलं. मला त्यातला नात्यांचा धागा फार मोलाचा वाटतो. डिडो वाढली ती वडिलांच्या मामांकडे, म्हणजे इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्या घरी. तिची आत्या मार्गारेट ही चित्रकार अ‍ॅलन रॅमसे यांची पत्नी, आणि मार्टिन हा रॅमसेंचा शिष्य. मॅन्सफिल्ड यांचं व्यक्तिचित्रही मार्टिननं रंगवलं होतं. अर्थात, नात्यागोत्यावरून कुठं शोधायचं एवढंच कळतं. पुढचं काम चित्रासमोर उभं राहूनच करावं लागतं. चित्रातली डिडो ही कृष्णवर्णीय मुलगी पुढं कित्येक वर्षं 'दासी' समजली गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. नीट पाहा : एलिझाबेथचा हात तिच्या दंडावर आहे.

प्रश्न : चित्रासमोर उभं राहून नेमकं काय बघतात?

उत्तर : आधी चेहरा आणि हात. त्या काळी कपडे रंगवायला वेगळी माणसं असत. त्या काळचा नामवंत इंग्रज चित्रकार रेनॉल्ड्स याच्याकडे पीटर टॉम्स हे काम करायचा. त्यामुळे रेशमाच्या चमकेवर भिस्त ठेवू नये. पापणीची कड, नाकपुडीखालची सावली, बोटांची टोकं यांत हाताची सवय उतरते. खात्रीच्या चित्रांतले हेच भाग शेजारी ठेवून ताडून बघायचे.

प्रश्न : प्रयोगशाळेत छडा लागत नाही का?

उत्तर : काळाचा लागतो. टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग विसाव्या शतकात आला. मूळ थरात तो निघाला तर चित्र विसाव्या शतकातलं किंवा त्यानंतरचं. वरच्या थरात निघाला तर ती नंतरची डागडुजीही असू शकते. चित्रकाराचं नाव मात्र रंगातून कळत नाही, कारण सगळे साधारण तेच रंग वापरत.

प्रश्न : आमच्याकडच्या जुन्या तैलचित्राच्या चौकटीवर 'रेनॉल्ड्स' अशी पितळी पट्टी आहे. खरं मानावं का?

उत्तर : चौकटी बदलतात, पट्ट्या नंतर ठोकतात. चित्र उलटं करून मागच्या बाजूचे फोटो काढा. लाकडावर काळ्या शाईत ठशानं उमटवलेला क्रमांक दिसला, तर तो ख्रिस्टीज या लिलावसंस्थेचा असू शकतो. त्यावरून जुन्या विक्रीची नोंद सापडते. ओल्या फडक्यानं मात्र पुसू नका, आणि ती पट्टीही काढू नका.