डिलाइटचं जुनं इंजिन भंगारात द्यायचं का?

वाचक विचारतात : जुन्या गाड्या

प्रश्न : माझ्याकडे 1968ची फियाट 1100 डिलाइट आहे. आधीच्या मालकाने तिच्यात प्रीमियर 118 एनईचं इंजिन आणि गिअरबॉक्स टाकून घेतला. मूळ 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगवरच्या गिअरचं सगळं सामान आणि सोलेक्स कार्बोरेटर कोपऱ्यात पडून आहे. भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे. घरचे म्हणतात, देऊन टाका, जागा होईल. काय करावं? (एक वाचक, मिरज)

उत्तर : काहीच देऊ नका, इंजिन तर नाहीच. निदान आरसी पाहिल्याशिवाय तरी नको.

ब्लॉकवर ठोकलेला नंबर चिकट्याखाली दबलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि आरसीवरच्या इंजिन नंबरशी ताडून पाहा. ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर लावू नका. आकडे पुसट झाले की आरटीओत तपासणी करणाऱ्याच्या मनात पहिला संशय खाडाखोडीचाच येतो. आरसीवर अजून जुन्याच इंजिनाचा नंबर असेल, तर गाडी कागदावर एक आणि बॉनेटखाली दुसरी अशी फिरते आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा बदल 14 दिवसांत नोंदवायचा असतो. ते काम आधी मार्गी लावा. जुनं इंजिन एकदा भंगारात गेलं की मूळ रूपात परतायची वाट संपली.

त्या वाटेला किंमत आहे. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 2021च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं आणि पुनर्नोंदणीला 5,000. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी यात बसत नाही, म्हणजे आजच्या अवस्थेत तुमची बसणार नाही. पण व्हीए नंबरची गाडी रोज बाजारहाटाला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढीच मुभा. तुम्हाला ती रोज चालवायचीच असेल तर व्हिंटेज नोंदणीच्या मागे लागू नका, पण इंजिन मात्र ठेवा. पुढे गाडी विकायची वेळ आली, तर मूळ नंबरचं इंजिन सोबत देता येणं हीच घासाघिशीतली तुमची मोठी बाजू.

ठेवायचं म्हणजे कोपऱ्यात टाकायचं नाही. जुनं ऑइल काढून ताजं भरा. ब्लॉकमधलं पाणी पूर्ण निथळू द्या आणि हवा मारून आतली वाट कोरडी करा, नाहीतर जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटेत, गंजाचा लगदा साचतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये 15 ते 20 मिली इंजिन ऑइल सोडा आणि फ्लायव्हील हाताने दोन-तीन फेरे फिरवा. आता टॅपेट कव्हर उघडून रॉकर शाफ्टचे नट थोडे थोडे, आळीपाळीने सैल करा. शाफ्ट वर आला की आठही व्हॉल्व्ह बंद होतात, स्प्रिंगवरचा ताण जातो आणि दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. पुशरॉड (रॉकरला ढकलणाऱ्या सळ्या) काढून 1 ते 8 आकडे लिहिलेल्या पुठ्ठ्यात त्याच क्रमाने खोचा. ज्याची घासण ज्या जागी झाली, तो तिथेच परत गेला पाहिजे. प्लग परत लावा. मॅनिफोल्डची तोंडं लाकडी गुट्ट्यांनी बंद करा. चिंध्या कोंबू नका, त्या ओल धरतात आणि उंदरांची सोय करतात.

इंजिन सम्पवर, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यावर, टेकवू नका. पत्रा आत दबला की ऑइल पंपाच्या जाळीचं तोंड अडतं आणि पहिल्याच स्टार्टला बेअरिंग जातात. माउंटिंगखाली लाकडी ठोकळे देऊन उभं करा. वरून गोणपाट किंवा जुनी चादर पुरे. प्लास्टिक गुंडाळलंत तर आत घाम धरतो. दर तीन महिन्यांनी प्लग सैल करून सव्वा फेरा फिरवा. पुरा फेरा फिरवला तर पिस्टन पुन्हा आधीच्याच जागी येऊन थांबतात.

गिअरचं सामानही ठेवाच. स्टिअरिंग कॉलमवरचा दांडा, खालचे लिव्हर, रॉड, बुश, ब्रॅकेट. फ्लोअर गिअर करून घेताना बऱ्याच गाड्यांतलं हे सामान भंगारात गेलं आणि आता सुटं शोधताना दमछाक होते. सगळं एकाच खोक्यात ठेवा. एक ब्रॅकेट हरवला तरी बाकीच्या सहा तुकड्यांचा उपयोग नाही.

कार्बोरेटर जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. त्यात पेट्रोल राहिलं की डिंक धरतो, ओल राहिली की पांढरी बुरशीसारखी भुकटी येते. फ्लोट काढून कानाशी हलवून पाहा. आत पेट्रोल डुचमळलं तर तो भोक पडलेला. जेट हवेने साफ करा, तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी धूर ओकते. थ्रॉटलचा दांडा बोटांत धरून वरखाली हलवा. खडखडला तर हवा ओढतो आणि आयडलिंग कधीच स्थिर होत नाही. खराद्याकडून बुश बसवून घेता येतो, तेवढ्यासाठी टाकून देऊ नका.

प्रश्न : रिस्टोअर करण्यासाठी म्हणून दुसरी डिलाइट सुट्या भागांकरता घेतली होती. आता काय विकावं, काय ठेवावं? मोठा पसारा झालाय. (एक वाचक, पुणे)

उत्तर : गाडी अजून पुरी झालेली नसेल तर आज काहीच विकू नका. निदान 1000 किलोमीटर चालू द्या. डिफरन्शियलचा आवाज, दुसऱ्या गिअरची कुरकुर, तापल्यावर उतरणारं ऑइल प्रेशर हे सगळं त्या अंतरात बाहेर येतं.

नंतर एकच प्रश्न लावा: हा भाग पद्मिनीलाही चालतो का? डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी यांच्या यंत्राचा पाया एकच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे क्लच प्लेट, किंगपिन, ब्रेकचं सामान वर्षानुवर्षं बाजारात राहिलं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003ला ताडदेव आरटीओत झाली होती, आणि 20 वर्षांच्या मर्यादेमुळे 2023च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून गेल्या. आता तो गिऱ्हाईक राहिला नाही, म्हणजे भाव वाढतील या आशेने जादा गिअरबॉक्स साठवण्यात अर्थ नाही. तो विका. उलट जे फक्त डिलाइटच्या चेहऱ्याचं आहे ते ठेवा: जाळी, नावाची अक्षरं, डॅशबोर्ड, मीटर, दिव्यांच्या रिंगा. बंपरचा क्रोम गेला असला तरी तो सरळ असेल तर ठेवा. क्रोम पुन्हा चढतो, पीळ पडलेला बंपर मात्र मनासारखा सरळ होत नाही. विकायचाच असेल तर नवा क्रोम करून विकू नका. घेणाऱ्याला खालचा पत्रा पाहायचा असतो.

पुढची काच मोठी जागा खाते म्हणून आधी तीच निघते. तसं करू नका. काच आडवी न ठेवता उभी, खाली रबर आणि मध्ये घोंगडी घालून ठेवा.

आणि जोड्या फोडू नका. क्राउन आणि पिनियन ही डिफरन्शियलमधली दातेरी चाकं एकत्र घासून जुळवलेली असतात. एकटा पिनियन विकलात तर घेणाऱ्याचं डिफरन्शियल रडतं आणि तुमच्याकडे उरलेला क्राउन लोखंडाच्या भावाने जातो. मेन बेअरिंगच्या कॅप त्याच ब्लॉकवर बोअर केलेल्या असतात, कनेक्टिंग रॉडचंही तसंच. दुसऱ्या ब्लॉकची कॅप बसते, पण क्रँक जाम होतो. क्रँकशाफ्ट विकण्याआधी खराद्याकडे मोजून घ्या आणि 10, 20, 30 की 40 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) घासलेला आहे ते चिठ्ठीवर लिहा. शेवटच्या मापाला पोचलेला क्रँक ‘चांगला आहे’ म्हणून विकलात तर गिऱ्हाईक परत येणारच.

प्रश्न : डायनमो काढून अल्टरनेटर बसवला. डायनमो आणि कटआउट (डायनमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) विकू का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : मूळचा असेल तर ठेवा, दोन्ही मिळून एका बुटाच्या खोक्यात मावतात. कार्बन ब्रश काढून वेगळे ठेवा, तुमच्याकडच्या हवेत ते कम्युटेटरला चिकटतात. फार वर्षं पडून राहिलेल्या डायनमोची चुंबकशक्ती कमी होते. परत बसवताना इलेक्ट्रिशियनकडून फील्डला क्षणभर करंट देऊन घ्यावा लागेल.

प्रश्न : जुने ब्रेक शू, होज, व्हील सिलिंडर कुणाला द्यावेत? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शू आणि होज कुणालाच देऊ नका. होज वरून ठीक दिसतो, आतून फुगून बंद होतो आणि एक चाक धरून ठेवतो. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधा. सिलिंडरची बॉडी ठेवायला हरकत नाही. बोअर खड्ड्याखड्ड्यांचा झाला असला तरी स्टीलची स्लीव्ह घालता येते.

प्रश्न : ज्या गाडीचे पार्ट सुटे करून विकतोय, तिच्या कागदांचं काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे 14 दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या. चॅसिस नंबरचा पत्रा किंवा प्लेट कुणी कितीही पैसे दिले तरी विकू नका. ती मागणारा सहसा दुसऱ्या गाडीचे कागद जुळवत असतो, आणि पोलीस पहिले तुमच्याकडे येतात. इंजिन विकताना नंबर लिहिलेली पावती करा, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, आरसीची प्रत द्या. दरवाजे, सीट, चाकं यांना एवढं काही लागत नाही.