उंबरठ्याबाहेरचं शहर

प्रिय सई,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, संभाजीनगरात सगळे अभिमानाने सांगतात की आमचं शहर बावन्न दरवाजांचं. मग त्याच दरवाजांवर पिचकाऱ्या का मारतात?"

प्रश्न रास्त आहे, आणि मलाही तो फार छळतो. आपल्याकडे घर म्हणजे उंबरठ्याच्या आतलं. सकाळी सडा-रांगोळी झाली की केर रस्त्यावर लोटण्यात कुणाला वावगं वाटत नाही. दरवाजे, बाग, बसस्टँड हे सगळं बाहेरचं. त्यात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. आपली कुणी फिकीर करत नाही, मग आपण तरी कशाला करायची, असं मनात बसतं. मला हे समजतं, पण पटत नाही. याच शहरात मलिक अंबरने जमिनीखालून नहर खोदून शहरभर पाणी खेळवलं होतं. १६१२ साली भडकल दरवाजाही त्यानेच उभारला.

त्या काळ्या दगडावरची पिचकारी निदान धुता तरी येते. बीबी का मकबऱ्याचं तसं नाही. तिथे संगमरवर थोडाच, बाकी बराचसा चुन्याचा गिलावा. किल्लीच्या टोकाने त्यावर बदाम आणि दोन नावं कोरायला अर्धा मिनिट पुरतो. ते बुजवायचं तर चुना भिजवायचा, चुन्याच्या घाण्यात मळायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचं, पातळ थर द्यायचे आणि प्रत्येक थर सुकेपर्यंत थांबायचं. सिमेंट फासून भागत नाही. अशा स्मारकाची नासधूस केली तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण नावं कोरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

"आपले लोक असेच" असं मात्र म्हणू नकोस. गाडगेबाबा आपलेच. गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांचे कान उपटायचे. आजही सुट्टीच्या दिवशी गडांवर जाऊन प्लास्टिक गोळा करणारी, टाक्यांतला गाळ उपसणारी पोरं आहेतच. मला खरा अभिमान त्यांचा वाटतो.

मामेभाऊ थुंकला तेव्हा काय बोलावं ते तुला सुचलं नाही, म्हणालीस. पुढच्या वेळी चारचौघांत नको, बाजूला घेऊन सांग. चिडेल, पण तुझं ऐकेल. आणि त्यालाच मकबऱ्यात घेऊन जा, तो गिलावा जवळून दाखव.

तुझा,
बाबा