रंजक पेटते, बार होत नाही

प्रश्न : माझे जावई अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतात. तिथे नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा एक हंगाम असतो, त्यात फक्त चकमकीची ठासणीची बंदूक चालते, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासायची आणि गारगोटीच्या ठिणगीने बार काढायचा. यंदा त्यांनी तशी रायफल घेतली. सरावात दर दोन-तीन बारांमागे एकदा नुसताच भस्सकन धूर होतो, गोळी आतच राहते. काय बिघडलं असेल? पुढच्या वर्षी ती मुंबईत आणून दाखवू म्हणतात.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : जावईबापूंना आधी विचारा, नळीत दारू कुठली घालता? काळ्या दारूऐवजी तिकडे पर्यायी पावडर मिळते. टोपीच्या बंदुकीत, म्हणजे गारगोटीऐवजी छोट्या स्फोटक टोपीवर घोडा आपटतो तिच्यात, ती चालते, पण तिला पेटायला आच जास्त लागते आणि चकमकीची बंदूक तिथेच अडते. नळीत खरी काळी दारूच हवी. काडतुसातली बिनधुराची पावडर तर चिमूटभरही नको, नळी फुटेल.

दारू बरोबर असेल तर दोष कानात. ठिणगीने आधी पेटते ती नळीबाहेरची चिमूटभर दारू म्हणजे रंजक, ती ठेवायची वाटी म्हणजे रंजकदानी आणि तिथून नळीत जाणारं बारीक भोक म्हणजे कान. तुम्ही गिरगावच्या, रॉकेलचा स्टोव्ह आठवत असेलच. काजळी धरली की पिन मारायची. इथेही तेच, बंदूक ठासण्याआधी बारीक तार फिरवायची. रंजकही थोडकीच, भोकाच्या खाली राहील इतकी. कान दारूने बुजला तर आग झटक्यात आत न जाता वातीसारखी जळत जाते आणि बार उशिरा होतो.

तिसरा संशय तेलाचा. कुडाळला आमच्या आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, टोपीची. पावसात गंजू नये म्हणून ते तिला सढळ हाताने तेल पाजत आणि तोंड वर करून भिंतीला टेकवत. तेल सगळं बुडाशी. गणपतीत आम्ही मुंबईहून जायचो तेव्हा शेतात डुकरं आली की पहिला बार हमखास फुसका! म्हणून ठासण्याआधी नळीत कोरडं फडकं फिरवावं. आणि बार झाल्यावरची राख तेलाने निघत नाही, ती क्षारांची असते. गरम साबणाचं पाणीच लागतं. मग पुसून, वाळवून तेलाचा हलका हात.

फुसका गेला तर नळीचं तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान एक मिनिट थांबायचं, ठिणगी आत धुमसत असू शकते. नळीत डोकावायचं तर अजिबात नाही. माझ्या चुलत्यांनी डोकावलं होतं, नशिबाने वाचले.

दारू-गोळी ठासायच्या गजावर दोन खुणा करून घ्यायला सांगा, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. गोळी दारूवर नीट टेकली की नाही ते त्यावरून कळतं. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, प्रसंगी फुटतेही.

मुंबईत मात्र ती आणू नका. शिकार इथे १९७२च्या कायद्याने बंद आहे आणि ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. फोटो दाखवले तरी पुरे.