चार हजार बुकमार्क, फोल्डर कशाला?

फायरफॉक्समध्ये चार हजार बुकमार्क, फोल्डरात फोल्डर, घरात रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक) नुसता पडून; मग घरच्या मशीनवर बुकमार्क सांभाळायला लिंकडिंग, लिंकवॉर्डन की काराकीप, असं तुम्ही विचारलंय. मी लिंकडिंग वापरतो, तुम्हालाही तेच सांगेन. एक कंटेनर (सगळं सोबत घेऊन चालणारा प्रोग्रॅमचा डबा), आत एसक्यूलाइट डेटाबेसची एक फाइल, संपलं. काराकीप (आधीचं होर्डर) एआयने टॅग लावून देतं, पण त्याच्यासोबत मेलीसर्च हे शोध-इंजिन आणि क्रोमही चालवावं लागतं. लिंकवॉर्डन पानाचा स्क्रीनशॉट आणि पीडीएफ ठेवतं, मात्र त्याला पोस्टग्रेस हा वेगळा डेटाबेस लागतो. पायवर एवढा संसार कशाला?

अडचण एकच, लिंकडिंगमध्ये फोल्डर नाहीत. फायरफॉक्समधून काढलेली बुकमार्कांची एचटीएमएल फाइल सरळ इंपोर्ट केलीत तर चार हजारांचा एकच ढीग होईल. म्हणून आधी फायरफॉक्सच्या लायब्ररीत जा, एकेका फोल्डरमधल्या सगळ्या लिंका निवडा आणि खाली टॅगच्या रकान्यात फोल्डरचं नाव टाका. मग एक्सपोर्ट करा. त्या फाइलमध्ये टॅगही जातात आणि लिंकडिंग ते उचलतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण एकदाच.

टॅग मराठीत बिनधास्त ठेवा, चालतात. फक्त लिंकडिंगमध्ये स्पेस दिली की नवा टॅग सुरू होतो, त्यामुळे 'शेअर बाजार' लिहिलंत तर दोन टॅग होतील. 'शेअर-बाजार' लिहा. आणि ऱ्हस्व-दीर्घ एकदाच ठरवा. माझ्याकडे 'पाककृती', 'पाककृति' आणि 'रेसिपी' असे तीन टॅग होते आणि पुरणपोळी तिन्हीकडे विखुरलेली! आता पंधरा-वीस टॅगांवर भागवतो, बाकी सर्चवर सोडतो. टॅग नसलेल्या लिंका '!untagged' शोधलं की एकत्र दिसतात. महिन्यातून एकदा चहा घेत त्या निपटतो.

नुसती लिंक ठेवून भागत नाही, पानं मरतात. प्यू रिसर्चने २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार २०१३ मधल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. लिंकडिंगची 'प्लस' इमेज (ज्यातून कंटेनर बनतो तो तयार साचा) घेतलीत तर पानाची पूर्ण प्रत डिस्कवर राहते. मी मात्र सगळ्याची प्रत घेत नाही, जुन्या मराठी ब्लॉगांची तेवढी घेतो.

घराबाहेरून उघडायला टेलस्केल (आपली उपकरणं खासगी नेटवर्कने जोडणारं ॲप) टाका. आपल्याकडे बरीच ब्रॉडबँड कनेक्शनं सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक आयपी पत्ता) असतात, तिथे राउटरवर पोर्ट उघडून उपयोग नाही.

आणि कंटेनरचा डेटा फोल्डर पहिल्याच दिवशी कंटेनरबाहेरच्या डिस्कला जोडा. मी जोडला नव्हता. नवी इमेज टाकायला जुना कंटेनर काढला आणि दीड वर्षाचे बुकमार्क त्याच्यासोबत गेले. आता रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) लिंकडिंगची 'full_backup' कमांड चालते, झिप दुसऱ्या डिस्कवर जाते. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नका, अर्धवट निघू शकते.